वाकळीचा चौथा कोपरा

वहिनी, तुम्हाला कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी लागायचा. मी वाचनालयातून कादंबरी आणली की पिशवीतून ती बाहेर येण्याआधीच तुमचा हात शेवटच्या पानावर. हे मात्र तुम्हाला सुरुवातीपासून ऐकावं लागणार आहे. मधूनच पुस्तक ओढून घ्यायची सोय आता राहिलेली नाही. चष्मा शोधू नका, मीच वाचून दाखवतोय, नेहमीसारखा.

तुमचे दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमची नात अनू पुण्याला हॉस्टेलवर परतली, मांडववाला सतरंज्या घेऊन गेला, आणि घरात उरलो आम्ही तिघं: तुमचा महेश, सून सविता आणि मी. आपल्यात माती देतात, तशी तुम्हाला मळ्याच्या कडेला माती दिली. सगळे रडत होते, मीही रडत होतो, आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं की माती काय काळीभोर निघाली आहे! वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "भाऊजी, एक पाटी घरी घ्या, मोगऱ्याला व्हईल." मला तिथंच हसू आलं. लोकांना वाटलं हुंदका आहे. कुणीतरी पाठीवर हात ठेवला.

दुपारची मला अजून सवय लागलेली नाही. दुकान महेशच्या ताब्यात दिल्यापासून मी जेवायला घरी यायचो तो परत जायचोच नाही. तुम्ही पुढच्या खोलीत वाकळ अंथरलेली असायची. जुनं सुती लुगडं खाली, मध्ये माझ्या थोरल्या भावाची, दादांची, विरलेली धोतरं, वर रंगीबेरंगी तुकडे. शिवताना ती सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर महेशनं हौसेनं आणलेलं आणि कधीच न उचललेलं डंबेल. आणि चौथ्या कोपऱ्यावर मी. "भाऊजी, बसा तिथं. तेवढाच उपेग हाय तुमचा." मी पुस्तक घेऊन चौथ्या कोपऱ्यावर बसायचो आणि वाचायला लागायचो. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेल्या, पेपर जाहिरातींसकट वाचणाऱ्या, पण दुपारी हात सुईत गुंतलेले. म्हणून वाचायचं काम माझं.

आणि काय ते ऐकणं! लेखकानं दोन पानं खर्चून सूर्यास्त रंगवलेला असायचा, मी आवाज लावून वाचत असायचो, आणि तुम्ही दोरा दातानं तोडून म्हणायच्या, "सूर्य रोजच बुडतोय. फुडं व्हा." नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन आलं की, "तिला दोन डोळे हायत, कळलं. चिठ्ठी कुनी टाकली ते बघा." मी चिडायचो. म्हणायचो, साहित्य आहे हे, बाजारची यादी नाही. तुम्ही म्हणायच्या, "साहित्य हाय म्हनूनच म्हनते, खरकटं कावून वाढता?" मी कापडाच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस, ग्राहकाशी वाद घालण्यात मला कुणी हरवलं नाही. तुमच्यापुढं मात्र एकदाही जिंकलो नाही.

एकदाच जिंकलो होतो, मुंग्यांच्या बाबतीत. ते सांगतो.

तुमच्या माहेराहून आलेली पद्धत. वाकळ पुरी होत आली की तीन कोपरे शिवून घ्यायचे आणि चौथा मोकळा ठेवायचा. त्यात खाण्याचा एक तुकडा घालायचा, मग तो कोपरा बंद करायचा. "उपाशी वाकळ ऊब देत न्हाई," असं तुम्ही म्हणायच्या. आणि वाकळ कुणाची हे तुम्ही शेवटपर्यंत सांगायच्या नाहीत. कादंबरीचा शेवट आधी लागणारी बाई, पण स्वतःच्या वाकळीचा शेवट कुणाला कळू द्यायची नाही! ज्याच्यासाठी शिवली त्याच्या आवडीचा तुकडा आत जायचा, आणि तो तुकडा बघून घरात कळायचं. महेशच्या वाकळीत शेंगदाण्याची पोळी. तलवाड्याच्या तुमच्या धाकट्या बहिणीच्या, कमलबाईंच्या वाकळीत धपाटं. दुकानाशेजारच्या सलीमभाई टेलरला नात झाली, तेव्हा त्यांच्याच दुकानातली कात्रणं जोडून बाळाला हातभर वाकळ शिवलीत आणि तिच्यात ईदची खारीक घातलीत. सलीमभाईंनी ती दुकानात गिऱ्हाइकांना दाखवली आणि दोन दिवस कुणाचे कपडे वेळेवर दिले नाहीत.

दादांच्या वाकळीत तुम्ही गुळाचा खडा घातलात. मी तेव्हाच म्हटलं होतं, वहिनी, मुंग्या येतील. आणि आल्या! अशी वरात निघाली की दादा रात्रभर उठून अंग झटकत होते. सकाळी मी विजयी मुद्रेनं तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही चुलीपुढून मानसुद्धा वर केली नाहीत. म्हणालात, "मुंग्या आल्या म्हंजी वाकळ जेवली." झालं. जिंकलेली लढाई माझ्या हातातून गेली.

त्या रागात मी बोलून गेलो. आज वाकळीला जेवायला घालता, उद्या तिला पान-सुपारी द्या, परवा झोपाळ्यावर बसवा, असं काहीतरी. आणि वर म्हटलं, मला बुवा नको तुमची चिंध्यांची वाकळ, माझ्या दुकानात सोलापुरी चादरींचा ढीग आहे. तुम्ही हसलात. म्हणालात, "बरं. ज्यानं नावं ठिवली त्यानं आधी मागायचं. मागितल्याबिगर न्हाई मिळायची."

मी मागितली नाही. तुम्ही दिली नाहीत. हा आपला खेळ किती वर्षं चालला देव जाणे. दर हिवाळ्यात तुम्ही विचारायच्या, "काय भाऊजी, थंडी कशी काय?" मी दात वाजत असताना म्हणायचो, कुठं आहे थंडी? आणि माझे पाय चादरीबाहेर. माझी उंची ही आपल्या घराण्यात कुणाची चूक होती कुणास ठाऊक. सगळे ठेंगणे आणि मी तेवढा दाराच्या चौकटीला कपाळ आपटत हिंडणारा. मुली बघायला जायचो तर मुलीचे वडील माझ्याकडं बघून मान चोळायचे. लग्न राहून गेलं ते गेलंच. तुम्ही मात्र आशा सोडली नव्हती. परवापरवापर्यंत नारायणगडाच्या जत्रेत एखादी उंच बाई दिसली की मला कोपर मारायच्या. मी म्हणायचो, वहिनी, मला आता नातवंडांच्या वयाची पोरं आजोबा म्हणतात. "म्हनू द्या की," तुमचं उत्तर.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं झालं. पण आता तुम्ही नाहीत, तर खरं सांगून टाकतो. मला वाकळ हवी होती. घरात प्रत्येकाची होती. सकाळी पेटीवर घड्या रचल्या जायच्या, लाल काठाची दादांची, निळी महेशची, सविता लग्न होऊन आली त्या पहिल्याच हिवाळ्यात पिवळ्या ठिपक्यांची तिची. आणि सगळ्यात वर माझी दुकानातली चादर, कंपनीच्या शिक्क्यासकट. दादा गेल्यावर तर ती चादर बघून मनात यायचं, भाऊ होता म्हणून आपण या घरात होतो, आता कोण? तुम्ही तसं कधी जाणवू दिलं नाहीत. ताटात भाकरी वाढताना वरचा पातळ पापुद्रा अलगद काढून मला द्यायच्या, कारण मला तो लहानपणापासून आवडतो, आणि त्यात कधी खंड पडला नाही. पण माणसाचं मन हावरट असतं. पापुद्रा मिळाला तरी वाकळ पाहिजे असते.

बागेचं तर काय बोलावं! बाग म्हणजे गच्चीवरचे तेलाचे डबे, फुटका माठ, आणि महेशच्या लहानपणीचा आंघोळीचा टब. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, तरी तुमचा मोगरा फुललेला. तांदूळ धुतलेलं पाणी अळूला, भाजी धुतलेलं कढीपत्त्याला, आणि मी चूळ भरायला गेलो तरी, "भाऊजी, गुलबक्षीत भरा." आणि रोपं? अर्ध्याहून जास्त चोरीची. चोरून आणलेलं रोप हटकून लागतं, यावर तुमचा देवापेक्षा जास्त विश्वास. लिंबागणेशला गेलो होतो तेव्हाचं आठवतं ना? गणपतीपुढं माझे हात जोडलेले, आणि डोळे उघडून बघतो तर तुम्ही गायब. बाहेर आलो तर एका घराच्या कुंपणाशी तुम्ही आणि त्या घरची बाई समोरासमोर.

"काय तोडायलात हो बाई?"

"तोडंना मी. फांदी लई वाकली व्हती, नीट करायलते."

"नीट करायला कात्री घरून आनली व्हय?"

मी तोंड लपवून रिक्षाच्या दिशेनं निघालो. परत वळून बघतो तर दोघी जास्वंदीच्या सावलीत बसलेल्या, चहा आलेला. येताना तुमच्या पिशवीत दोन फांद्या होत्या आणि तिला तुम्ही आपल्या दोडक्याचं बी कबूल केलेलं. घरी आल्यावर तुम्हीच हिरमुसल्या. म्हणालात, "दिली तिनं. आता चोरीची कुठं ऱ्हायली? लागंल का न्हाई कुनास ठाऊक." लागली. आता तीच जास्वंद गच्चीच्या कठड्याबाहेर डोकावते, आणि खालून जाणाऱ्या बाया तिच्याकडं ज्या नजरेनं बघतात ती नजर मी ओळखतो.

आता दोडक्याच्या मांडवाचा वाद. तो आपला अर्धाच राहिला होता.

श्रावणातली गोष्ट. तुम्ही सुतळीचा गुंडा घेऊन आलात आणि म्हणालात, "भाऊजी, भिंतीला पाठ लावून सरळ उभं ऱ्हावा."

"कशाला?"

"मांडव घालायचाय दोडक्याला. तुमच्या डोस्क्याच्या वरून येल गेला पायजे, न्हाईतर येता-जाता दोडक्यांना धडका द्याल."

मी उभा राहिलो. तुम्ही स्टुलावर चढून माझ्या टाळूपासून सुतळी सोडलीत, टाचेपाशी गाठ मारलीत, आणि वर आणखी वीतभर सुतळी धरून तोडलीत. चार दिवसांनी मांडव झाला तो माझ्या छातीला लागत होता. वाकून वाकून माझं कंबरडं मोडलं. मी म्हटलं, माप माझं घेतलंत ना?

"बांबू आखूड निघाले."

"बांबू मी आणले होते वहिनी. माझ्यापेक्षा हातभर उंच होते."

"मंग त्याच्यानंतर तुमी वाढला असाल."

दिवाळीपर्यंत हा वाद चालला. मी रोज गच्चीवरून खाली येताना नव्या पुराव्यासकट यायचो, आणि तुम्ही सुई ओवत रोज नवं उत्तर द्यायच्या. बांबू उन्हानं आटले, वेलाला उंची मानवत नाही, सविताचा हात पुरत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की खरं कारण असलेला माणूस रोज कारण बदलत नाही.

दिवाळी झाल्यावर आपण ती जिनिंग कारखान्याच्या मालकाच्या खुनाची कादंबरी घेतली. शेवटचं पान तुम्ही रिवाजाप्रमाणं आधी वाचलंत आणि खुदकन हसलात. मला म्हणालात, "मला म्हाईत हाय. तुमाला सांगनार न्हाई." मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, खून मुनीमानं केला. मुनीमाचं नाव आलं की तुम्ही मिश्कील हसायच्या आणि मी आणखी पक्का व्हायचो. मुनीमाला पोलिसांनी धरलं तिथं आपण थांबलो, कारण चहाची वेळ झाली होती. तुम्ही खूण म्हणून पानात दोऱ्याचा तुकडा ठेवलात. चहा झाला तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटले होते. सविताला वाटलं डुलकी लागली. मलाही तसंच वाटलं. पुढचं तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हाला लांबण आवडत नाही.

पुस्तकाला त्यानंतर मी हात लावला नाही. वाचनालयातून निरोप आला तरी नाही. शेवट वाचला की तुमच्याबरोबरचं शेवटचं वाचन संपणार, या भीतीनं.

आणि तुम्ही तेव्हा शिवत होता ती वाकळ. पुढच्या खोलीत कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली. तीन कोपरे शिवलेले, चौथा मोकळा. आत तुकडा नाही, त्यामुळं कुणाची ते कुणाला माहीत नाही. कमलबाई तलवाड्याला निघायच्या दिवशी विषय निघालाच.

"आक्कीनं मला कबूल केलती," त्या म्हणाल्या. "म्हनली व्हती, तुला आनखी एक देते."

सविता म्हणाली, "मावशी, आमच्या अनूला हॉस्टेलवर न्यायला शिवत असतील. पोरगी पुण्यात थंडीनं काकडायली."

मला दहावीचा निकाल लागतोय तसं झालं होतं. म्हटलं, न्या कुणीही, मला काय त्याचं. हे मी म्हटलं, वहिनी, या तोंडानं.

कमलबाईंनी घडी घालायला वाकळ कॉटवर पसरली. ती कॉटच्या पायथ्यावरून खाली लोंबायला लागली. वर ओढली तर उशाकडून लोंबायला लागली. कमलबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अगं बया! एवढी लांब कावून शिवली हिनं? ह्यात तर मी दोनदा गुंडाळून जाईन."

सविता मोकळा कोपरा तात्पुरता टाचायला दोरा शोधत तुमचा बिस्किटांचा डबा उपसत होती. बटणं, रिळं, शिवताना बोटात घालायची तुमची दोन टोपणं, आणि तळाशी सुतळीचं एक भेंडोळं. टोकाला गाठ. मी ती गाठ ओळखली. तुम्ही दुहेरी मारता, आणि उरलेलं शेपूट कधी कापत नाही.

मी सुतळी घेतली आणि वाकळीच्या कडेनं सोडली. गाठीपासून टोकापर्यंत, वीतभर जास्तीच्या सकट, वाकळ तंतोतंत तेवढीच. आयुष्यभर मी लोकांना कापड मोजून दिलं, नुसत्या नजरेनं मीटर सांगतो अशी माझी ऐट, आणि भर दुपारी माझं स्वतःचं माप घेतलं गेलं ते मला समजलं नाही. मांडवासाठी म्हणे! वीतभर जास्त कशाला ते आता कळलं. पायाखाली दुमडायला.

मी तिथंच कॉटवर मटकन बसलो. बसलो तो सवयीनं चौथ्या कोपऱ्यावरच. सविता घाबरून म्हणाली, "अप्पा, काय झालं? पानी आनू का?"

पाणी नको होतं. तुमची अट आठवली होती. आधी मागायचं. मग मी मागितली, वहिनी. कमलबाई आणि सविता दोघींच्या देखत, तुमच्या रिकाम्या जागेकडं बघून, मोठ्यानं म्हटलं, "वहिनी, मला वाकळ पाहिजे."

मग कमलबाई पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. "लई उशीर लावला तुमी मागायला," म्हणाल्या. "घ्या आता. माझ्याकडं तिच्या चार हायत."

चौथा कोपरा शिवायचा तर आत तुकडा पाहिजे. काय घालायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. सविता उठून आत गेली, भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती वरचा पापुद्रा हातावर घेऊन आली, तव्यावर कडक करून, मोडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरून. तिलाही माहीत होतं. तुम्ही तिला सांगितलं होतं की तिनं बघून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

टाके मीच घातले. सलीमभाई तेवढ्यात तुमच्यासाठी बाजूला ठेवलेली कात्रणांची पिशवी घेऊन आले होते, "भाबींची हाय, मी काय करू ठेवून," म्हणत. माझं शिवण बघून त्यांना राहवलं नाही. "अप्पा, हे टाके हायत का वरून कोंबडी चालत गेली? द्या, मी मशीनवर मारतो दोन मिनिटांत." मी दिली नाही. बोटात सुई तीनदा घुसली, तुमच्या दोन्ही टोपणांचा उपयोग झाला नाही, कारण माझं बोट त्यात शिरत नाही. तीन कोपरे तुमचे, रांगेतल्या मुंग्यांसारखे टाके, आणि चौथा माझा. कुणालाही लांबून ओळखू येईल.

थंडी आता चांगली पडली आहे. पाय झाकले जातात, वहिनी. आयुष्यात पहिल्यांदा पाय झाकून झोपल्यावर कळलं की इतकी वर्षं मला नीट झोपच लागत नव्हती. सकाळी पेटीवर माझी वाकळ सगळ्यांत वर असते आणि सगळ्यांत जाड दिसते. सविता म्हणते घडी घालताना हात भरून येतात. कात्रणांची पिशवी तिनं तुमच्या जागी ठेवली आहे आणि परवा मला विचारत होती की पहिला टाका कडेनं घालायचा की मधून. मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी फक्त कोपऱ्यावर बसायचो. तिनं अंथरली, मी बसलो. वरवंटा, इस्त्री, डंबेल आणि मी.

आणि मग पुस्तक काढलं. दोऱ्याच्या खुणेवर उघडणार होतो, पण म्हटलं एकदा तुमच्या पद्धतीनं करून बघू. शेवटचं पान आधी वाचलं. मुनीम नव्हता, वहिनी. मालकाचा मेहुणा. तुम्ही हसत होता ते मला हसत होता. शेवट कळल्यावर मात्र खरंच निवांत वाटलं, तुम्ही म्हणायच्या तसं, आणि मग मी खुणेपासून मोठ्यानं वाचायला घेतलं. दोन ओळींत सूर्यास्त आला. सविता म्हणाली, "अप्पा, फुडं व्हा की."

आज सकाळी घडी घालताना माझ्या वाकड्या टाक्यांच्या कोपऱ्यावर एक मुंगी फिरताना दिसली. सविता झटकायला आली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे, वाकळ जेवली.